मनुबाईनं देवळात वाचलेला उतारा

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की बाई चिडून लिहितात. चिडूनच लिहिते. सातारला आमच्या आळीत माझ्या तोंडाला लागायला कुणी धजत नसे. एकोणऐंशी साली कडेगावच्या अलीकडं एका खेड्यातल्या शाळेवर माझी बदली झाली, तेव्हा आईनं पिशवी भरताना एवढंच सांगितलं, "विजयमाला, तिथं तरी तोंड आवर." मी आवरणारही होते. पण तिथं माझी गाठ मनुबाईशी पडली.

मनुबाई म्हणजे माझी घरमालकीण, नाथाजी हवालदारांची बायको. पन्नाशीला आलेली, हाडापेरानं दणकट, उन्हानं रापलेली. दोन्ही मुली सासरी गेलेल्या. घरात ही दोघं नवरा-बायको, गोठ्यात हौशा आणि पाखऱ्या हे दोन बैल आणि एक म्हैस. सोप्याला लागून एक खोली होती, ती मला दिलेली. त्या खोलीची भिंत इतकी पातळ की पलीकडं कुणी कूस बदलली तरी मला कळावं. मग भांडण कसं कळणार नाही?

भांडण रोज सकाळी चहाच्या वेळी व्हायचं आणि रोज एकच असायचं. हवालदार पलटणीतून पेन्शन घेऊन आले होते, ते डोक्यात नवं शेत घेऊनच. पोत्यातलं खत, भाड्याचा ट्रॅक्टर, मापात पाणी. मनुबाईचा सगळा जीव उकिरड्यात. वर्षभराचं शेण, राख, पाचट त्यात कुजवायचं आणि उन्हाळ्यात गाड्या भरून रानात न्यायचं.

"आवं, पोत्यातल्या खतानं माती आवळून गेली. पाणी दिलं की वरच्यावर पळतंय," मनुबाई म्हणायची.

"आन् तुझं शेण पुरतंय का साऱ्या उसाला? दोन बैलांच्या शेणावर काय कारखाना चालणार हाय व्हय?"

"म्हून बैल इकायचं?"

"मग काय ओवाळायला ठेवायचं?"

इथं आलं की मनुबाई कपबशी उचलून आत जायची. बैल हीच खरी दुखती जागा होती. पलटणीत हवालदारांचा गुडघा गेला होता, नांगरामागं चालवत नव्हतं. गडी मिळत नव्हता. बैल विकावेत असं त्यांनी दोन वर्षं घोकलं होतं. पण माणूस सरळ. गावच्या जत्रेत भावकीसमोर त्यांनी बेलभंडारा उचलून शब्द दिला होता, की मनीनं स्वतःच्या तोंडानं होकार दिल्याशिवाय बैलांच्या दाव्याला हात लावणार नाही. आमच्याकडं बेलभंडारा उचलला की विषय संपला. त्यामुळं सगळं मनुबाईच्या तोंडावर अडलं होतं. आणि ते तोंड काही होकार देत नव्हतं.

आता यात मी कशी शिरले ते ऐका.

सरकारनं तेव्हा प्रौढांना साक्षर करायचं मोठं मनावर घेतलं होतं. शाळा सुटल्यावर बायकांचा वर्ग घ्यायचा, असा मला हुकूम आला. बायका रानातून परत आल्यावर आणि चूल पेटवायच्या आधी जो एक तास मिळतो, तेवढ्यात मारुतीच्या देवळाच्या ओवरीत आमची शाळा भरायची. चौदा बायका. मनुबाई सगळ्यांत पुढं, पाटी मांडीवर घट्ट धरून. आठ महिन्यांत ती अडखळत का होईना, वाचायला लागली. मला तर तिचा अभिमान वाटायचा.

मग नवं पुस्तक आलं. त्यात 'विचारांची तुलना' असा एक पाठ होता. एकाच विषयावर दोन माणसांची दोन मतं वाचायची आणि सांगायचं: पहिला काय म्हणतो, दुसरा काय म्हणतो, दोघांना मान्य असलेली गोष्ट कोणती. चांगला पाठ होता, पण नमुन्याला दिलेला विषय काय, तर शहरात राहावं की खेड्यात. वर्गातल्या आमच्या आक्काताईनं दोन ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं. म्हणाली, "आमाला कुणी इचारलंय व्हय ह्ये?" बाकीच्यांना जांभया यायला लागल्या. माझं डोकं सणकलं. म्हटलं, थांबा, तुमच्या रोजच्या जिव्हाळ्याचाच विषय आणते.

त्या दिवशी मी खोलीत बसून दोन उतारे लिहिले. कष्ट काहीच पडले नाहीत. भिंतीपलीकडून जे रोज ऐकत होते तेच शुद्ध भाषेत उतरवलं. पहिला उतारा हवालदारांचा. 'माणसे वाढली, जनावरे वाढली नाहीत. सगळ्या रानाला पुरेल एवढे शेणखत आणायचे कोठून? रासायनिक खत मापात देता येते, त्याने ऊस जोमाने वाढतो. आता ट्रॅक्टरही मिळतो. म्हणून बैल पोसण्याची गरज उरलेली नाही.' दुसरा उतारा मनुबाईचा. 'रासायनिक खताने ऊस वाढतो, पण माती आवळते. शेणखताने माती भुसभुशीत राहते, ओल धरते. एकदा घातले की तीन वर्षे पुरते. म्हणून शेतकऱ्याने जनावरे राखावीत.' नावं कुणाचीच घातली नाहीत. मी स्वतःवर भलतीच खूश होते. कपाळ माझं.

वर्गात उतारे निघाले आणि जांभया बंद झाल्या. चौदाजणी तावातावानं बोलायला लागल्या. मनुबाईनं दुसरा उतारा खडाखडा वाचला. पहिला दिला तर पहिल्याच ओळीला थांबली.

"ह्यो मी न्हाई वाचायची."

"का बरं?"

"ह्ये खोटं हाय."

"अहो, खोटं असो नाहीतर खरं. तो काय म्हणतो ते फक्त वाचायचं."

"तुमी वाचा की मग."

मी हट्टाला पेटले, तशी ती वाचायला लागली, पण प्रत्येक वाक्यामागं आपलं वाक्य जोडून. "रासायनिक खत मापात देता येतं, असं ह्ये म्हणत्यात. त्यानं ऊस जोमानं वाढतो, आन् माती मरती ते न्हाई लिवलं." बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आक्काताईनं मला बाजूला घेऊन समजावलं. "बाई, तुमी शहरातल्या. आमच्याकडं वाचणं म्हंजे श्रावणातली पोथी. दिव्यापुढं बसून मोठ्यानं वाचायची, चार माणसांनी ऐकायची. त्यात जे तोंडातनं बाहेर पडलं ते खरं. खोटं वाचायची चाल न्हाई आमच्यात." मी म्हटलं, चाल बदला. किती सहज म्हटलं मी ते.

पंधरा दिवसांनी सांगलीहून पर्यवेक्षकसाहेब वर्ग तपासायला आले. देवळात ही गर्दी. बायकांची परीक्षा बघायला पुरुषही आलेले, खांबाला टेकून नाथाजी हवालदारही बसलेले. साहेबांनी उताऱ्यांचे कागद चाळले, मान डोलावली आणि नेमकं मनुबाईकडं बोट केलं. "या बाई वाचतील. पहिला उतारा."

मनुबाईनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आठवते. आणि मी काय केलं? वर्गाचा शेरा खराब होईल या भीतीनं तिच्याकडं वाकून दातओठ खात पुटपुटले, "मावशी, वाचलं म्हणजे काय कबूल केलं असं होत नाही. माझा शब्द. मधे काही जोडायचं नाही, सरळ वाचा."

माझा शब्द म्हटल्यावर तिनं वाचलं. एकही अक्षर न चुकता, खणखणीत आवाजात, पार शेवटपर्यंत. 'म्हणून बैल पोसण्याची गरज उरलेली नाही.' साहेबांनी विचारलं, पहिल्याचं म्हणणं काय? तिनं सांगितलं. दुसऱ्याचं काय? तेही सांगितलं. दोघांना मान्य काय? "ऊस वाढतोय, ह्ये दोघंबी म्हणत्यात," ती म्हणाली. साहेब म्हणाले, शाब्बास. मी फुगले. मनुबाईबरोबर तरंगतच घरी आले.

घरात पाऊल टाकलं तर हवालदार सोप्यात उभे. चेहरा उजळलेला. "मने, झालं म्हणायचं तर. देवळात म्हणालीस. चार माणसांत. गुंडाला सांगावा धाडतो, गुरुवारी यील."

गुंडा म्हणजे जनावरांचा व्यापारी. मला वाटलं, चेष्टा करतायत. मग कळलं, चेष्टा नव्हती.

"काका, अहो परीक्षा होती ती," मी म्हटलं. "मी लिहिलेला कागद तिनं वाचला. तिचं मत नाही ते."

"तसं कसं बाई? तोंड कुणाचं व्हतं? मारुतीम्होरं बोलली. म्या जबरदस्ती केली का? बेलभंडारा उचललाय म्या. तिचा होकार नसता तर दाव्याला हात लावला नसता."

मी तोंडाचा पट्टा सोडला. साक्षरता, मतस्वातंत्र्य, काय काय बोलले.  मग मी मनुबाईकडं वळले. म्हटलं, तुम्ही तरी सांगा यांना. आणि मनुबाई चौकटीला हात लावून म्हणाली, "त्यांचं बरोबर हाय. मी म्हणले. देवळात म्हणले."

 तिच्या नवऱ्याशी भांडायची माझी तयारी होती. पण तिचंच तिनं मान्य केल्यावर मी कुणाशी भांडू? मला तिचा राग आला, हवालदारांचा आला आणि सगळ्यांत जास्त माझा आला. 'माझा शब्द' म्हणाले होते मी. माझ्या शब्दाला त्या घरात काय किंमत होती, ते आता दिसलं. बैल जाणार होते, आणि माझ्यामुळं जाणार होते.

सोमवारी हे झालं. मंगळवारी आक्काताईनं एक शक्कल काढली. हवालदारांनाच दुसरा उतारा मोठ्यानं वाचायला लावायचा. म्हणजे तेही कबूल झाले, फिट्टंफाट. आम्ही दोघी मोठ्या गोड चेहऱ्यानं कागद घेऊन गेलो. "काका, अक्षर लागत नाहीये, जरा वाचून दाखवता का?" हवालदारांनी चष्मा लावला, कागदावरून मनातल्या मनात नजर फिरवली, चष्मा काढला आणि कागद परत दिला. "बाई, मी काय खुळा हाय व्हय?" म्हणाले. आणि इतकं मनापासून हसले की मलाही हसू आवरेना, राग असून.

मनुबाई मात्र हसली नाही. मंगळवारी सारा दिवस ती गोठ्यातच होती. बैलांना विहिरीवर नेऊन घासून धुतलं, शिंगं पुसली, गोठा झाडला. बुधवारी वर्गाला आली नाही. मी घाबरून लवकर परतले, तर ती माजघरात हवालदारांची काळी ट्रंक उघडून बसलेली. मांडीवर पत्रांचा गठ्ठा. हवालदार पलटणीत असताना घरून गेलेली पत्रं होती ती. त्यांनी एकूण एक जपून ठेवली होती आणि येताना सुतळीनं बांधून आणली होती.

"मावशी, हे काय?"

"माझ्या तोंडानं आणिक काय काय म्हणलंय, ते बघती," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगायला लागली. तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं. शाळेतले जुने गुरुजी सगळ्या फौजींच्या बायकांची पत्रं लिहून द्यायचे. ती ओसरीवर बसून सांगायची, ते लिहायचे. लिहिलेलं परत वाचून दाखवायची पद्धत नव्हती, आणि वाचून दाखवा म्हणायची तिची छाती नव्हती. आता ती पहिल्यांदाच ती पत्रं स्वतः वाचत होती, बोट फिरवत, ओठ हलवत. सगळ्या पत्रांत तेच. 'इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. पाऊसपाणी ठीक. आमची काळजी नसावी.' सालागणिक तारीख बदललेली, बाकी सगळं तेच. गुरुजी वाईट नव्हते. सरहद्दीवरच्या माणसाला घरची काळजी लावायची नाही, एवढंच त्यांना माहीत होतं. गावात ते सगळ्यांना पटलेलंही होतं.

एका पत्रापाशी मनुबाईचं बोट थांबलं. ते बहात्तर सालचं होतं. तिनं ते दोनदा वाचलं. मग घडी घालून ठेवलं आणि मला म्हणाली, "बाई, एक पेन्सिल द्या."

तिनं लिहायला सुरुवात केली, ती दिवेलागण झाली तरी उठली नाही. त्या दिवशी चूल मी पेटवली. भाकरी माझ्या हातच्या झाल्या, म्हणजे कशा झाल्या असतील बघा. हवालदारांनी बिचाऱ्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

गुरुवारी सकाळी गुंडा आला. बैलांच्या तोंडात हात घालून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, चालवून बघितले. दारात आक्काताई आणि चार-पाच बायका जमल्या होत्या. हवालदार दाव्याकडं निघाले, तशी मनुबाई गोठ्याच्या तोंडाशी आडवी आली. हातात माझ्या वर्गाची वही.

"मी आडवत न्हाई," ती म्हणाली. "शब्द गेलाय माझा. पर बैल न्यायच्या आदी ह्ये ऐकायचं."

हवालदारांना वाटलं पुन्हा तोच डाव. "मने, मी वाचणार न्हाई म्हणलं न्हवं?"

"तुमी नगा वाचू. मीच वाचती. ह्ये बाईंनी लिवलेलं न्हाई. माझं हाय."

आणि तिनं वाचलं. खालमानेनं, एकेक अक्षर लावत.

"बहात्तर साली पाऊस झाला नाही. दोन खोंडं घेऊन मी गुरांच्या छावणीत गेले. सहा महिने राहिले. दिवसा खडी फोडली. पाणी एक घागर मिळायचं. अर्धं मला, अर्धं त्यांना. एकदा पाखऱ्या पडला. लोक म्हणाले सोडून दे. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी उठला. तुमच्या पत्रात लिहिलंय सर्व खुशाल. ते मी म्हणले नाही. गुरुजींनी लिहिलं. मी म्हणले होते, घरी या."

 गुंडानं बैलाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. हवालदार उन्हात उभे होते. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"बहात्तर साली माझी रजा शिल्लक व्हती," ते हळू म्हणाले. "दोन म्हयन्यांची. घरी सगळं ठीक हाय म्हणून दुसऱ्याला दिली म्या."

 मला रडू फुटलं. लपवत नाही, चांगली हुंदके देऊन रडले.

हवालदारांनी खिशातून चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला, नाकावर चढवला आणि मनुबाईसमोर हात पुढं केला. तिला आधी उमगलं नाही. मग तिनं वही दिली. ते वळले, गुंडाकडं, आक्काताईकडं, दारातल्या सगळ्या बायकांकडं तोंड करून ताठ उभे राहिले आणि तिनं लिहिलेलं, मनातल्या मनात नाही, पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायला लागले. पाऊस, खोंडं, छावणी, खडी, घागर. पाखऱ्याच्या ओळीवर त्यांनी एकदा बैलाकडं बघितलं. 'सर्व खुशाल' वाचलं, 'ते मी म्हणले नाही' वाचलं. शेवटच्या शब्दाशी आले आणि तो त्यांनी दोनदा वाचला.

"या," ते म्हणाले. "या."